वणव्याची जाहिरात नेमकी कोणासाठी? अमेरिकेतलं टोपीवालं अस्वल आणि आपला सह्याद्री

रानवेल (धागाकर्ती)

फाल्गुन लागला की पाटण-कोयनेकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पेटलेल्या डोंगरांचे फोटो यायला लागतात, आणि खाली दरवर्षी तेच, कोणी लावला, का लावला, वनखातं काय करतंय. मी सध्या कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहते, इथेही आगीचा सीझन असतो आणि आपल्याकडच्यापेक्षा फार भयंकर असतो, पण इथे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही आणि तिच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. ती म्हणजे स्मोकी बेअर. जीन्स घातलेलं, वनरक्षकाची टोपी घातलेलं, हातात फावडं असलेलं अस्वल. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या जंगलात शिरताना रस्त्याच्या कडेला अर्धगोल बोर्ड असतो, हिरव्यापासून लालपर्यंत पट्टे आणि मधे बाण, आज आगीचा धोका किती ते दाखवायला, आणि शेजारी हे अस्वल उभं. इथली चार वर्षांची पोरंसुद्धा त्याला नावानं ओळखतात.

ही जाहिरात १९४४ पासून चालू आहे! अमेरिकेतली सगळ्यात जास्त काळ चाललेली लोकहिताची जाहिरात मोहीम. सुरुवात युद्धातून झाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने सांता बार्बराजवळच्या एलवुडच्या तेलक्षेत्रावर तोफा डागल्या, जवळच मोठं राखीव जंगल, आणि आग विझवणारी तरणी माणसं सैन्यात गेलेली. मग फॉरेस्ट सर्व्हिसने युद्धकाळातल्या जाहिरात परिषदेला हाताशी धरलं. पहिली पोस्टरं भीतीची होती, जळतं जंगल आणि वर हिटलरचा न् जपानी नेत्याचा चेहरा, अर्थ असा की तुमचा निष्काळजीपणा हेच त्यांचं गुप्त शस्त्र. नंतर डिस्नेने बॅम्बी हे हरणाचं पाडस एका वर्षापुरतं वापरायला दिलं, ते लोकांना इतकं आवडलं की वर्ष संपल्यावर स्वतःचा प्राणी हवाच असं ठरलं आणि ऑगस्ट १९४४ मध्ये अस्वल आलं. अल्बर्ट स्टेली या चित्रकाराने काढलेल्या पहिल्या पोस्टरवर ते शेकोटीवर बादलीने पाणी ओततंय. बास, एवढंच. १९४७ मध्ये त्याचं प्रसिद्ध वाक्य आलं, जंगलातल्या आगी फक्त तुम्हीच रोखू शकता.

मला हे सगळं बघून वाटतं की ते अस्वल गोंडस आहे म्हणून नाही चाललं, तर ते एका ठरावीक माणसाला एक ठरावीक काम सांगतं म्हणून चाललं. जंगलात तंबू ठोकून शेकोटी करणारा माणूस. त्याने पाणी ओतायचं, फावड्याने राख ढवळायची, परत पाणी ओतायचं आणि हात जवळ नेऊन बघायचं, ऊब लागली तर जागा सोडायची नाही. आपल्याकडे घाटात पाटी असते, 'वणवा लावू नका, वने वाचवा'. ती कोणाला उद्देशून आहे हो? ज्याने लावला त्याने ती वाचलीय का, आणि वाचून त्याने नेमकं काय करायचं?

तुमच्या भागात वणवा कोण लावतं, का लावतं आणि त्या माणसाला काय सांगितलं तर तो ऐकेल, हे लिहा प्लीज.

नाणेघाट_वारी

मस्त धागा रानवेल ताई. जुन्नर भागात आम्ही मित्र उन्हाळ्यात जाळपट्टे (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी) काढायला जातो म्हणून सांगतो, ट्रेकर लोकांचाही वाटा आहे यात, नाही म्हणायचं कारण नाही. किल्ल्यावर मुक्काम, रात्री कॅम्पफायर, सकाळी निखाऱ्यावर माती लोटली की झालं असं समजतात. माती लोटली की निखारा आत तासन्तास जिवंत राहतो आणि अकराच्या पुढे वारा सुटला की उघडा पडतो. तुम्ही लिहिलेलं पाणी-ढवळणं-हात लावून बघणं हे प्रत्येक ट्रेक ग्रुपच्या मेसेजमध्ये गेलं पाहिजे. आणि २०१८ च्या मार्चमधलं तमिळनाडूतलं कुरंगणी कोणीच विसरू नये, थेनी जिल्ह्यात ट्रेकर वणव्यात अडकले, वीसपेक्षा जास्त जीव गेले. वाळलेल्या गवतात चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते.

मॅस्कॉट करायचा तर शेकरू घ्या की, राज्यप्राणी आहे, भीमाशंकरला सगळ्यांनी बघितलंय.

आज्जीची_गोधडी

मी आंबेगाव तालुक्यातली. शहरातली माणसं म्हणतात शेतकरी अडाणी, मजा म्हणून पेटवतो, ते वाचलं की फार राग येतो म्हणून लिहिते. आमच्याकडं भाताची रोपं टाकायच्या आधी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत वाफ्यावर पसरून त्याच्यावर मातीचा पातळ थर देऊन भाजायचं, तण मरतं आणि रोप जोमानं येतं. हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि ते स्वतःच्या वाफ्यात असतं, बायामाणसं उभी राहून भाजतात, सोडून कोणी जात नाही. त्याला वणवा म्हणू नका.

डोंगर पेटवणारा वेगळा. त्याच्या डोक्यात असतं की जुनं गवत जाळलं की पावसाळ्यात नवं दाट येतं आणि जनावराला कोवळं मिळतं. आता हे सगळं खोटं आहे का? जाळल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात हे त्यानं डोळ्यानं बघितलेलं असतं. त्याला तुमची पाटी 'निसर्ग वाचवा' म्हणते, तो म्हणतो माझी म्हैस कोण वाचवणार.

मृदगंध७

गोधडी ताई अगदी नेमकं बोललात. कोंब लवकर दिसतात ते खरं, कारण गेल्या वर्षीच्या वाळलेल्या काड्या निघून जातात आणि बुंध्याला ऊन लागतं. पण गवतातला नत्र बराचसा धुराबरोबर गेलेला असतो, उघड्या डोंगरावर पहिला वळवाचा पाऊस आपटला की उरलेली राख आणि वरची माती ओढ्याला लागते. आणि दरवर्षी जाळत राहिलं तर मारवेल, पवन्या असलं जनावर आवडीनं खातं ते गवत मागे पडत जातं आणि कुसळी तग धरते, तिला आग मानवते. कुसळी पिकल्यावर जनावराच्या तोंडात टोचते, अंगात रुतते. म्हणजे दहा वर्षं जाळलेल्या डोंगरावर हिरवं दिसतं भरपूर पण खाण्यासारखं कमी. हे दोन डोंगर शेजारी शेजारी दाखवता आले, एक जाळलेला आणि एक राखलेला, तर वेगळी जाहिरात लागणारच नाही. चराऊ कुरण राखणाऱ्या गावात गवत कापून विकतात, गंजी रचतात, त्यांना विचारा जाळायचं का, हाकलून देतील.

काजूबाग_वेंगुर्ला

माझी काजूची कलमं गेलीत म्हणून पोटतिडकीनं लिहितोय. एप्रिलात, ऐन बोंडू धरलेले, दुपारी बाराच्या सुमारास वरच्या सड्यावरनं (कातळाच्या माळावरनं) आग आली. आठ-दहा वर्षांची कलमं, वरनं हिरवी दिसतात पण बुंध्याची साल भाजली की झाड त्या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी मरतं. आम्ही निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन झोडपत होतो, धुरात समोरचं दिसत नव्हतं. लावली कोणी, माहीत नाही. कोणी म्हणाला वीजतारा घासल्या, कोणी म्हणाला रस्त्यावरनं विडी टाकली, कोणी म्हणाला शेजाऱ्यानं बाग साफ करून पाला पेटवला आणि जेवायला गेला. मला शेवटचंच जास्त पटतं कारण आमच्यात ते सगळेच करतात, पाला गोळा करायचा, पेटवायचा आणि 'विझेल आपोआप'.

म्हणून मी म्हणतो कोकणात जाहिरात बागायतदाराला उद्देशून हवी. बागेभोवती डिसेंबर-जानेवारीतच पट्टा मारून घे, पाला जाळू नकोस, खड्ड्यात टाक नाहीतर कलमाच्या बुडात आच्छादन कर, ओलावा टिकतो. त्याला त्याच्या पैशाची भाषा कळते.

सत्तरीकार

गोव्यातून. मार्च २०२३ आठवतोय ना, म्हादई अभयारण्य आणि सत्तरीचे डोंगर किती दिवस जळत होते, नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आली. तेव्हाही काजूच्या बागा साफ करताना लावलेली आग हे एक कारण सांगितलं गेलं. पश्चिम घाटातलं ओलं जंगल सहसा जळत नाही असं आम्ही समजत होतो, त्या वर्षी ते समज मोडले. त्यानंतर आमच्याकडे जागृतीची चर्चा खूप झाली पण ती पणजीत झाली, काजूच्या मळ्यात नाही.

पंचमहाभूत

थोडं वेगळं मत मांडतो, स्मोकीचं कौतुक ठीक आहे पण त्याच मोहिमेनं अमेरिकेचं नुकसानही केलंय हे लिहायला हवं. तिथे १९१० मध्ये आयडाहो-मोंटानात प्रचंड आग लागली, साधारण ३० लाख एकर जळालं, त्या धक्क्यातून पुढे 'प्रत्येक आग विझवायचीच' असं धोरण आलं, १९३५ पासून तर नियमच होता की कालची आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. आणि वरून अस्वल पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवत राहिलं की आग म्हणजे वाईट. पण कॅलिफोर्नियातल्या जायंट सिकोयाचं बी आगीच्या उष्णतेनं शंकू उघडल्यावर पडतं. करुक, युरोक या आदिवासी जमाती शेकडो वर्षं थोडं थोडं जंगल मुद्दाम जाळत आल्या होत्या, त्यांना ते करायला बंदी झाली. परिणाम काय, जंगलात वाळकं साठत गेलं आणि आता लागते ती आग आटोक्यातच येत नाही. २००१ मध्ये वाक्य थोडं बदललं, जंगलातली आग असं होतं त्याजागी वणवा आला, म्हणजे मुद्दाम नियंत्रणात लावलेली आग त्यातून बाजूला राहिली, पण तोवर पन्नास वर्षं गेली होती.

दुसरं, 'फक्त तुम्हीच' हे वाक्य मला खटकतं. २०१८ मध्ये 'कॅम्प फायर' नावाच्या वणव्यात कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली, ती आग कोणा शेकोटीवाल्यानं लावली नव्हती. वीज कंपनीच्या जवळपास शंभर वर्षं जुन्या लाइनवरचा झिजलेला हूक तुटून लागली आणि कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला. सगळी जबाबदारी एकट्यादुकट्या माणसाच्या डोक्यावर टाकली की मोठे सुटतात.

रानवेल

पंचमहाभूत, दोन्ही मुद्दे मान्य, आणि पहिल्या मुद्द्यामुळेच मला आपल्या जाहिरातीबद्दल जास्त काळजी वाटते. इथे आता हिवाळ्यात, वसंतात मुद्दाम जंगल जाळतात, करुक आणि युरोक लोक परत आपली पद्धत चालू करतायत, आणि लहानपणापासून अस्वल बघितलेली माणसं धूर दिसला की तक्रार करतात. म्हणजे जाहिरातीनं एकदा डोक्यात बसवलं की ते काढायला दुसरी पिढी लागते. म्हणून गोधडी ताई म्हणाल्या ते महत्त्वाचं, राब आणि वणवा एकाच पाटीत कोंबायचा नाही. जाळपट्टासुद्धा आगच आहे शेवटी.

पण ८५ टक्क्यांच्या आसपास वणवे इथे माणसांमुळेच लागतात हेही खरं, २०२० मध्ये एका जोडप्याने होणारं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला धुराचा फटाका लावला आणि त्यातून एल डोराडो फायर लागली, आग विझवणारा एक जवान गेला. त्यामुळे कंपनीला धरा, आणि माणसालाही सांगा, दोन्ही.

विदर्भातला_बीट

मी वनरक्षक आहे, नाव आणि वनपरिक्षेत्र सांगत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून आमचा आगीचा हंगाम, घर विसरायचं. आता सॅटेलाइटवरून भारतीय वन सर्वेक्षणाचा मेसेज मोबाइलवर येतो, अमुक कक्षात आग, तोपर्यंत आम्ही दुचाकी लावून पायी निघतो. पूर्वी फांद्यांनी झोडपायचो, आता ब्लोअर आहेत, पाठीला अडकवून पाला उडवून मोकळी पट्टी करायची म्हणजे आग पुढे सरकत नाही. चाळीस-बेचाळीस डिग्रीत ते मशीन घेऊन चालून बघा.

आमच्याकडे कारण मोहफूल आणि तेंदू (विडीचं पान). मोहाची फुलं पहाटे गळतात, झाडाखाली पाला असला तर वेचताना दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी खालचा पाला जाळतात. आग तिथेच थांबली तर काहीच नाही, ती थांबत नाही. तेंदूचं असं की जाळल्यावर कोवळी पानं येतात हा समज. झुडूप फेब्रुवारी-मार्चात जमिनीलगत छाटलं तरी तशीच पानं येतात हे आम्ही दाखवून देतो. मोहाला झाडाखाली जाळी बांधली किंवा जुनी साडी अंथरली की पाला जाळायची गरज नाही, फूलही स्वच्छ मिळतं, भाव बरा येतो. एका म्हातारीनं मला विचारलं होतं, साहेब जाळी कोण देणार? यावर माझ्याकडे पाटीतलं उत्तर नव्हतं. जाळ्या वाटल्या त्या वर्षी त्या टोल्यावरची (पाड्यावरची) आग बंद झाली.

आणि केस करणं, वन कायद्याचं कलम २६ लावणं हे शेवटचं. गुन्हा दाखल केला की पुढच्या वर्षी आग लागल्यावर सांगायला कोणी येत नाही, तेच माझं जास्त नुकसान.

जाहिरातवाला_दादर

एजन्सीत काम करतो म्हणून थोडी धंद्यातली गोष्ट. स्मोकी टिकला त्याचं एक कारण कोणी बोललं नाही, त्याच्यामागे घडी बसलेली होती. जाहिरात परिषद समन्वय करते, एजन्सी फुकट काम करते (फूट कोन बेल्डिंग ही एकच एजन्सी सुरुवातीपासून), मासिकं-रेडिओ-टीव्ही जागा दान देतात, आणि १९५२ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदाच केला, अस्वलाचं चित्र कोणी वापरलं तर पैसे शेती खात्याकडे आणि ते वणवा रोखण्याच्या कामाला. आपल्याकडे मंत्री बदलला की घोषवाक्य बदलतं.

दुसरं कारण नशीब. १९५० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कॅपिटन डोंगरातल्या आगीत झाडाला चिकटलेलं एक खरं अस्वलाचं पिल्लू सापडलं, पंजे भाजलेले. त्याचं नाव स्मोकी ठेवून वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. मुलांची इतकी पत्रं यायला लागली की १९६४ मध्ये त्याला स्वतंत्र पिनकोड द्यावा लागला. १९७६ मध्ये गेलं, परत कॅपिटनलाच पुरलं. पोस्टरवरचं चित्र आणि भाजलेल्या पंजांचं खरं पिल्लू एकत्र आल्यावर मोहिमेला जे बळ मिळालं ते कुठल्याही बजेटनं मिळालं नसतं.

शेकरूबद्दल, गोड आहे पण ते उंच झाडावर राहतं आणि आपल्याकडे जळतं ते गवत. मी टिटवी सुचवेन. उघड्यावर जमिनीवर अंडी घालते, नेमकी वणव्याच्या दिवसांत. आणि शेतकऱ्याची तिच्याशी आधीच ओळख आहे.

आज्जीची_गोधडी

टिटवी चांगली सुचवली दादा. उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, खळग्यात घातली की कमी, असं आमचे सासरे बघून सांगायचे. पण एक ध्यानात घ्या, रात्री टिटवी ओरडली की अशुभ असंही मानतात, म्हातारी माणसं दारावर तिचं चित्र लावू देणार नाहीत. बांधावर, शाळेत चालेल.

जाहिरातवाला_दादर

हे मला कुठल्याच रिसर्चमध्ये कळलं नसतं ताई. मग ती ओरडते तेच वापरू, गवताला आग लागली की पहिली ओरडते ती टिटवी. ओरडली तर बघायला जा. भीती आहे ती कामाला लागेल.

नाणेघाट_वारी

+१. रेकॉर्ड केलेला टिटवीचा आवाज जीपच्या भोंग्यावर, आणि मग निवेदन. बाजाराच्या दिवशी.

पंचमहाभूत

गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर बऱ्याच ग्रामसभा आपलं बांबू-तेंदू स्वतः विकतात. जंगल जळलं तर आपलंच उत्पन्न जळतं हे कळल्यावर गस्त गावच घालतं. बीट दादा, तुमचा अनुभव काय?

विदर्भातला_बीट

खरं आहे. ज्या गावाला हक्क मिळालाय आणि ग्रामसभा जागी आहे तिथे मला आगीचा फोन सॅटेलाइटच्या आधी येतो. जिथे जंगल 'सरकारचं' आहे तिथे आग लागली की लोक म्हणतात सरकारचं जळतंय.

रानवेल

सगळ्यांचं वाचून भोंग्यावरच्या निवेदनाचा कच्चा खर्डा टाकतेय, फक्त घाटमाथ्यासाठी. विदर्भाचा आणि कोकणाचा वेगळा लागेल हे या धाग्यानं मला शिकवलं.

"बांधावरचं गवत जाळायचं असेल तर सकाळी लवकर जाळा, दव असतं तेव्हा. वारा सुटला असेल तर आज नको, उद्या. आधी भोवती चार हात पट्टा खरवडून घ्या. एकट्यानं जाळू नका, पाण्याचा ड्रम जवळ ठेवा. राखेवर पाणी मारा, काठीनं ढवळा, पालथा हात जवळ धरून बघा. ऊब लागली तर जेवायला घरी जाऊ नका. डोंगर पेटलेला दिसला तर हॅलो फॉरेस्ट, एक नऊ दोन सहा."

काजूबाग_वेंगुर्ला

'जेवायला घरी जाऊ नका' हे राहू द्या काही झालं तरी.

आज्जीची_गोधडी

'जाळायचं असेल तर' असं म्हटलंय ते बरं केलं, नाहीतर पहिल्याच वाक्याला माणूस उठून गेला असता. फक्त आवाज गावातल्याच कोणाचा तरी घ्या, पोलीसपाटलाचा नको. आमच्याकडं जुन्या शिक्षिका आहेत, त्यांनी सांगितलं तर तीन वाड्या ऐकतात. आणि गवत कापून नेणाऱ्याला कोण घेतंय त्याचं नाव, भाव पण सांगा शेवटी.

मृदगंध७

भावाचा मुद्दा सगळ्यात वर घ्या. दूधसंघाच्या संकलन केंद्रावर सकाळी सगळे येतात, तिथे गंजीचा दर फळ्यावर लिहिला तर वाचतील. मी आमच्या केंद्रावर सोमवारी विचारतो, चेअरमन ओळखीचे आहेत.

नाणेघाट_वारी

टिटवीचा आवाज माझ्याकडे स्वच्छ रेकॉर्ड केलेला आहे, पठारावर पहाटे घेतलेला. दादरवाले दादा, व्यनि (खाजगी निरोप) करतो, निवेदन कोणाच्या आवाजात ते गोधडी ताईंनी ठरवावं. जीप आणि भोंगा आमच्या ग्रुपकडून.

विदर्भातला_बीट

मोहफुलाचा खर्डा मी लिहितो, गोंडीत पण लागेल, आमच्या पाड्यावरचा एक पोरगा बोलून देईल. आता लिहीत बसत नाही, मेसेज आलाय, निघालो.

रानवेल

सांभाळून जा दादा. आग कुठवर आली ते परतल्यावर लिहा.